हरकती व सूचना

दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली
पिवळी नोटीस, शाई ओघळू नये म्हणून लॅमिनेट केलेली.
कोल्टर्स लेनच्या टोकाचं शेत,
चौऱ्याऐंशी घरं, प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा.
हरकती व सूचना एकवीस दिवसांत.

ग्वेन ॲबट सह्यांचा कागद घेऊन दारात आली,
सोबत गेल्या वर्षीच्या प्लमचा जॅम.
"तुझ्या खिडकीतून तर सगळं शेत दिसतं," म्हणाली,
"पहिली सही तुझी हवी होती."
मी म्हटलं, उद्या देते.
जॅम मात्र ठेवून घेतला.

रात्री कौन्सिलच्या जुन्या फायली उघडत बसले.
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. आमचीच गल्ली, तेव्हा नुसती रेघ.
टाइपरायटरवरची हरकत,
एक अक्षर दर वेळी जरा वर उडालेलं:
इथे सफरचंदाची बेचाळीस झाडं आहेत,
इथे घरं झाली तर गाव गाव राहणार नाही.
खाली सही, आर्थर पेनफोल्ड.
त्यावर शिक्का, नोंद घेतली.
माझा ओटा त्या बेचाळिसांतल्या
कितव्या झाडावर उभा आहे, नकाशात लागेना.
दर उन्हाळ्यात ओट्यामागून मुंग्या निघतात.
त्यांना ठाऊक असेल.

रेडिंगभोवतीच्या या हिरव्या पट्ट्याला
मी मनात करदोटा म्हणते.
पोर वाढतं तशी गाठ सरकवावी लागते,
नाहीतर कमरेला वळ उठतो.
म्हणून तोडून फेकतही नाही कोणी.
किती सरकवायची
ते आईने आत बोट घालून बघायचं.
इथे बोट कोण घालतं?

वळ मी पाहिलाय.
ग्वेनच्या नवऱ्याला अंघोळ घालायला एफुआ येते,
दोन बस बदलून, अंधारात निघून.
या भागात तिच्या पगारात
दारसुद्धा मिळत नाही, घर तर सोडाच.
सह्यांचा कागद
तिच्याच येण्याच्या वेळी टेबलावर पडलेला असतो.

पण शेतात टिटव्या आहेत.
आपल्यासारख्या नाहीत, डोक्यावर तुरा, पाठ हिरवट.
ओरडतात मात्र तशाच,
कोणाचं तरी काहीतरी होणार असल्यासारख्या.
झाड नको, वळचण नको,
उघड्या ढेकळांत चार अंडी.
अहवालात त्यांना पर्यायी जागा दिलीय,
पान एकशे बारा,
गॅरेजांमागचा तुकडा, बाकासकट.

टिटवी बाकावर बसत नाही.

एकविसाव्या दिवशी फॉर्म भरायला घेतला.
विरोध की पाठिंबा, एकावरच खूण करा.
दोन्ही चौकोन रिकामे ठेवून खाली लिहिलं:
घरं बांधा. चौऱ्याऐंशी कशाला, दीडशे बांधा,
स्टेशनमागच्या कार पार्कवर,
चार मजली, भिंतीला भिंत लावून,
बाल्कनीत कपडे वाळत घालता येतील अशी.
चालत बसपर्यंत जाता येईल अशी.
शेताला शेत राहू द्या.

पाठवता पाठवता हात थांबला.
त्या कार पार्कात, जागा क्रमांक सतरा,
सोळा वर्षं माझी गाडी उभी असते.
आणि चौथ्या मजल्याची सावली
दुपारी तीननंतर केन व्हिटलच्या वाटाण्यांवर पडेल.
भाड्याचा तो वाफा त्याने
बायको गेल्यावर घेतला होता.
दरवर्षी पिशवीभर शेंगा आणून देतो,
फार बोलत नाही.
तेही लिहायला घेतलं.
अक्षरांची मर्यादा संपली, वाक्य अर्धंच राहिलं.
तसंच पाठवलं.

उत्तर लगेच आलं, यंत्राचं:
आपली नोंद घेतली आहे.

जॅमची बरणी धुऊन पालथी घातलीय.
भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.
सही तर केली नाही,
मग आत काय घालू,
याचा विचार करत खिडकीशी उभी आहे.
वळणावर एफुआची बस,
शेतावर अजून धुकं,
आणि त्यातून ती ओरडतेय,
दिसत नाही कुठे आहे.